ऋषिपंचमीची भाजी, ८० पानं आणि परड्यातला पॉवर टिलर

परड्यातली_मी

मंडळी, ऋषिपंचमीच्या भाजीबद्दल विचारायचंय. घरातल्या पाच-सहा माणसांची नव्हे, मठातल्या पंगतीची.

ठाण्याची नोकरी संपवून आम्ही दोघं संगमेश्वर तालुक्यात सासरच्या घरी राहायला आलो. गावात लहानसा मठ आहे. समाधी, सभामंडप, मागे विहीर आणि विहिरीला लागून परडं. मठाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकू यंदा सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्यात. पंचमीची भाजी आमच्या घराण्याकडे सेवा म्हणून आहे, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. ८० पानं धरायची म्हणतात. पण आदल्या दिवशी चतुर्थी, घरोघरी मुंबईहून चाकरमानी आलेले, त्यामुळे ८० ची १०० कधी होतील ते कुणी सांगू शकत नाही.

परड्यात काय आहे ते सांगते. पाटाच्या कडेला काळ्या देठाचं अळू माजलंय. तांबडा माठ छातीएवढा वाढून देठ जून झालेत. भोपळ्याचे वेल लाकडं ठेवायच्या खोपीवर चढलेत. पडवळ, शिराळी, पांढरी लांब भेंडी रोज टोपलीभर निघते. केळीचा एक घड काढण्याजोगा आहे. एका तुकड्यात मका, कुंपणाशी अंबाडी, कोपऱ्यात चिंच. सुरणाचा पाला अजून हिरवागार आहे. वांगी तर लगडलीत, पण मठात आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं शिजत नाही, तेव्हा ती मी वाडीत वाटत सुटते. कांदा-लसूण बारा महिने नाही.

एक तर फोडणी नाही, गूळ नाही, डाळ नाही, मग एवढ्या मोठ्या टोपातल्या भाजीला चव कशाने येणार? घरी करताना मूठभर खोबऱ्यावर भागतं. दुसरं म्हणजे खाज. पंगतीतल्या एकाचा घसा खवखवला की गावभर होतं. गावात किराणा दुकान चालवणारं एक जैन कुटुंबही दर वर्षी आपुलकीने पंगतीला येतं, त्यांना काय वाढायचं?

आणि खरं भांडण पुढेच आहे. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हा नियम. परडं सगळं कुदळ-फावड्याचं. फक्त मक्याचा तुकडा यंदा पोरांनी पॉवर टिलरने, म्हणजे नांगरटीच्या छोट्या यंत्राने, नांगरून काढला. एक आजोबा म्हणतात, नांगरट ती नांगरट, मका चालायचा नाही. दुसरे म्हणतात, अहो पण बैल होता कुठे? दोघेही मग माझ्याकडे बघतात. मी काय सांगू?

(ऋषिपंचमीच्या कहाणीतलं विटाळाचं प्रकरण मला मुळीच पटत नाही, ते इथे काढू नये ही विनंती. भाजी मात्र सोडवत नाही.)

---

विळी_आणि_रोवळी

ताई, राजापूरकडच्या आमच्या देवस्थानात सासूबाईंच्या हाताखाली ही भाजी वर्षानुवर्षं केलीय. आता गुडघ्यांमुळे फक्त पाटावर बसून सूचना करते. तुम्हालाही करते.

चवीची काळजी सोडा. ही भाजी मसाल्याची नव्हेच. मक्याचा आणि भोपळ्याचा गोडवा, चिंचेचा आंबटपणा, ओल्या खोबऱ्याचा स्निग्धपणा आणि मीठ-मिरचीचा ठेचा, एवढ्यावर ती उभी असते. यातलं काही कमी पडलं की ती आजाऱ्याची भाजी होते. म्हणून नारळावर हात आखडू नका. ८० पानांना दहा नारळ लागतील. निम्मं खोबरं शिजताना, निम्मं उतरवल्यावर. हिरवी मिरची पाव किलोहून थोडी जास्त, जाड मिठात ठेचून. चिरून घालाल तर एकाला सगळ्या मिरच्या आणि दुसऱ्याला एकही नाही, असं होतं.

अंदाज सांगते. सगळं मिळून निवडून-चिरून वीस-बावीस किलो धरा. भोपळा पाच किलो, अळू देठांसकट चारेक किलो, माठ तीन, शिराळी आणि पडवळ मिळून चार, भेंडी दीड, कच्ची केळी दोन डझन, कणसं पंचवीस-तीस, मिळाल्या तर किलोभर ओल्या भुईमुगाच्या शेंगांचे दाणे. पाला भांड्यात डोंगराएवढा दिसतो आणि शिजून मूठभर होतो, त्यावर अंदाज बांधू नका. सुरण राहू द्या. पाला हिरवा आहे म्हणजे कंद अजून भरतोय, दिवाळीनंतर काढा.

आता मुख्य गोष्ट. अळू वेगळं शिजवा. घसा खवखवू नये म्हणून अळवाला चिंच हवीच. पण चिंच पडली की भोपळा, केळी, माठाचे देठ लवकर मऊ होत नाहीत, आंबटात भाजी आवळून बसते. सगळं एकत्र टाकलं तर एक तर अळू खाजणार, नाही तर देठ करकरीत राहणार. तेव्हा एका पातेल्यात अळूची पानं, सोललेले देठ, दाणे आणि चिंचेचा कोळ, चांगलं अर्धा-पाऊण तास, देठ बोटाने चिरडेपर्यंत. अर्धवट शिजलेलं अळूच खाजतं. चिरणाऱ्या बायकांनी हाताला तेलाऐवजी आमसूल चोळावं. तेल त्या दिवशी काहींना चालत नाही. पूर्वी घाण्याला बैल असायचा ना, म्हणून.

कणसांचे दोन बोटं जाडीचे तुकडे करा. हे काम विळीचं नव्हे, कोयता असलेल्या माणसाचं. ते आधी नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडायचे आणि ते पाणी फेकायचं नाही. गूळ नाही म्हणून रडता ना, गोडी त्या पाण्यात आहे. त्याच पाण्यात माठाचे जून देठ टाका. शेंगेसारखे चोखून खायचे असतात ते, तेव्हा वरची साल ओढून काढा आणि बोटाएवढे तुकडे ठेवा. ते निम्मे शिजले की केळी, मग भोपळा सालीसकट मोठ्या फोडी, मग शिराळी-पडवळ. आणखी पाणी घालायची घाई नको, शिराळी भरपूर सोडते. हे सगळं शिजलं की अळू ओता, मग भेंडी. भेंडी शेवटीच. आंबटात पडली की तार धरत नाही. माठाचा कोवळा पाला सर्वांत शेवटी, दोन वाफा पुरेत. भाजीला गुलाबी रंग येतो, तो बघून कुणी घाबरू नये.

अंबाडी असली तर चिंच थोडी कमी करा. दोन्ही भरपूर घातलं की दात आंबतात.

एकच खोल टोप वापरू नका. तळाचं लागतं, म्हणून ढवळावं लागतं आणि ढवळलं की भोपळ्याचा लगदा होतो. दोन पसरट टोप घ्या. उलथणं कडेने घालून खालून वर उचला, गोल फिरवू नका. वाढपी पोरांनाही हे सांगून ठेवा. तीच जास्त नासधूस करतात.

---

कोरडवाहू

मी बीडचा, आमच्याकडे अळू-माठाचं एवढं कौतुक नाही, पण बैलाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आमच्या आजीचं सरळ होतं: औताखालच्या जमिनीचं नको. मग ती मठाची असो की दारची. बैल होता की नव्हता हा प्रश्नच नव्हता, कारण औत म्हणजे बैलच. तिने ट्रॅक्टर बघितला तो म्हातारपणी. आता माझ्या शिवारात दहा घरांत मिळून एक बैलजोडी उरलीय. पोळ्याला आम्ही मातीचे बैल पूजतो आणि मिरवणुकीत ट्रॅक्टरला झूल घालतो, खोटं नाही सांगत. पोळा श्रावणी अमावास्येला आणि त्यानंतर पाचव्या तिथीला तुमची ही पंचमी. एका दिवशी त्याला पुरणपोळी भरवायची आणि एका दिवशी त्याच्या कष्टाला हात लावायचा नाही, अशी ती जोडी असावी असं मला आपलं वाटतं. कहाणीतसुद्धा बापच बैल होऊन मुलाच्या दारात दिवसभर राबतो आणि उपाशी राहतो.

आता तुमचा टिलर. दुसऱ्या आजोबांचं ऐकलं तर बाजारातला गहू, तूर, ऊस सगळंच चालेल, कारण बैल कुठेच नाही. मग पंचमी उरली कशाला? माझं मत पहिल्या आजोबांना. पण कणसाशिवाय भाजी नको असेल तर वाडीत कुणीतरी दारात चार ताटं लावलेली असतीलच. मागून आणा.

---

शिरोळची_सून

ताई, आम्ही दिगंबर जैन. तुमच्या पंचमीलाच आमचं दशलक्षण पर्व सुरू होतं, थेट चतुर्दशीपर्यंत. म्हणजे तुमच्याकडचे पाहुणे बरोबर त्याच दिवशी येतात, ज्या दिवशी आमच्या घरांत बरेच जण हिरवी भाजीच खात नाहीत. श्वेतांबर असतील तर त्यांचे दिवस थोडे आधीचे. म्हणून अंदाज करू नका, आधी दुकानात जाऊन वहिनींना विचारा. यात संकोच नाही, विचारलेलं आम्हाला आवडतं.

हिरवं चालत असेल तर त्यांची भाजी वेगळ्या छोट्या पातेल्यात, सगळ्यांच्या आधी करा. भोपळा, शिराळी, कच्ची केळी, मका. कच्ची केळी तर आमची बटाट्याच्या जागची. कंद काहीच नको, रताळं-सुरण-अळकुड्या कुणी हौसेने घातल्या तर ते पातेलं बाद. भुईमुगाचे दाणे चालतात, शेंग मातीत वाढली तरी ते मूळ नव्हे. अळू-माठ टाळा. पावसाळी पालेभाजी आमच्याकडे चातुर्मासात किड्यांमुळे बहुतेक घरी बंदच असते. शिराळंसुद्धा उभं चिरून आतून बघतो आम्ही. तुम्हीही बघा, भाद्रपदात अळी असतेच.

आणि पंगत लांबली तर त्यांना पहिल्या पंगतीला बसवा. दिवेलागणीच्या आत जेवण झालं पाहिजे.

---

फोंड्याचो_दादा

आमच्या गोंयच्या खतखत्याची, म्हणजे तिथल्या मिसळीच्या भाजीची, आठवण झाली. त्यात तूरडाळ असते, म्हणून या दिवशी नाही चालणार, पण एक गोष्ट उचला: तिरफळं, मसाल्याची सुवासिक फळं. झाडावरची, त्यात नांगराचा संबंध नाही. चवथीला माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीला) बांधायला ओली येतात, ती आठ-दहा घ्या, काळं बी काढून फेका, साल जराशी ठेचून पाण्यात घाला आणि ते पाणी भाजी उतरवायच्या आधी ओता. फोडणी आठवणार नाही कुणाला.

---

विळी_आणि_रोवळी

तिरफळ? ऋषीच्या भाजीत? आमच्या सासूबाई उठून गेल्या असत्या. बांगड्याच्या आमटीचा वास येणार सगळ्यांना. दादा, राग मानू नका, खतखतं मला अतिशय प्रिय आहे, पण त्याच्या जागी.

---

परड्यातली_मी

सगळ्यांचे आभार. विळीताई, अळू वेगळं शिजवायचं हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. इथे सगळे एकाच टोपात ढकलतात आणि मग देठ करकरीत का राहिले यावर चर्चा करतात.

दुकानात जाऊन आले. वहिनींच्या सासूबाईंचं दहाही दिवस हिरवं बंद, बाकीच्यांना भोपळा आणि केळी चालेल. सासूबाईंसाठी नुसता वरीचा भात आणि वर तूप असं ठरलं. त्यांनी स्वतःच सुचवलं.

कोरडवाहू दादा, तुमचा प्रतिसाद दोन्ही आजोबांना वाचून दाखवला. पहिले आजोबा खूश. दुसरे म्हणाले, बीडच्या माणसाला कोकणातलं काय कळतंय. शेवटी टिलरचा मका बाजूला ठेवला, तो दुसऱ्या दिवशी मुलांना भाजून देणार. वाडीतल्या तीन घरांनी दारातली कणसं द्यायचं कबूल केलंय. मिळून वीसेक होतील, तेव्हा तुकडे जरा पातळ करते.

तिरफळाच्या भांडणात मी पडत नाही. आमच्याकडे ती आहेतही, पण विळीताईंच्या सासूबाईंची भीती वाटली.

आता एकच राहिलं. वरीचा भात. एवढ्या माणसांना किती घेऊ आणि तो गच्च का होतो?

---

विळी_आणि_रोवळी

पानाला मूठभर म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम धरा. ८० ला चार किलो, चाकरमानी धरून पाच. डोंगरउतारावर कुदळीने केलेली वरी कुणाकडे मिळाली तर फार उत्तम. पुडीतली असली तर आजोबांना पुडी दाखवू नका.

कोरडी भाजा, जराशी फुलेपर्यंतच. मग तिप्पट आधणात वैरायची. गच्च होते ती लवकर करून ठेवल्यामुळे. गार झाली की तिची वडी पडते. तेव्हा भाजी उतरली, पानं मांडायला घेतली, की मग वरी चुलीवर. पहिल्या पंगतीची वेगळी, दुसरीची वेगळी. पाच किलो एकदम कधीच नाही.

आणि चिरायला माणसं आजच सांगून ठेवा. चतुर्थीच्या रात्री मोदक करून सगळ्यांचे हात गळालेले असतात, तेव्हा कुणी येत नाही. देठ सोलणं आणि नारळ फोडणं आदल्या दुपारी उरका, खवणं पहाटे. भोपळा सकाळीच चिरा. अळूची पानं धुऊन रात्रभर रोवळीत निथळत ठेवली तरी चालतात, वरून ओलं फडकं टाका.