गावच्या घराची बिलं: बँकेतून भरावीत की खिडकीवर?

डोंबिवली_देवगड

देवगड तालुक्यात मिठबावच्या अलीकडे आमचं घर. आईबाबा तिथे, मी डोंबिवलीत. बाबांचं वय ७८. लाईटबिल आलं की ते सकाळच्या एसटीने जामसंड्याला जायचे, पतसंस्थेच्या खिडकीवर पैसे भरायचे आणि शिक्का मारलेला बिलाचा तुकडा खिशात घालून दुपारच्या गाडीने परत यायचे. गेल्या आषाढात गाडी आलीच नाही, म्हणून चालत निघाले आणि ओढ्यावरच्या साकवावर, म्हणजे छोट्या पुलावर, शेवाळावरून घसरले. मनगट मोडलं. बिल होतं ६४० रुपयांचं.

तेव्हापासून गावची सगळी बिलं मी माझ्या बँकेतून भरतो. बँकेच्या ॲपात बिल भरण्याच्या भागात जायचं, महावितरण निवडायचं, १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि ४ आकडी बिलिंग युनिट टाकायचं. रक्कम आणि ग्राहकाचं नाव आपोआप समोर येतं. आमचं मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यामुळे दर महिन्याला त्यांचं नाव वाचतो आणि मगच पुढे जातो. दोन मिनिटांचं काम.

बाबा मात्र अजून रागावलेले आहेत. "माका कागद होयो. तुझ्या मोबाईलातला माका काय दिसणा नाय," एवढंच म्हणतात.

माझं मत स्पष्ट आहे. म्हाताऱ्या माणसाला पावसाळ्यात बिलासाठी बाहेर काढणं हा आपला, म्हणजे मुलांचा हलगर्जीपणा आहे. उद्या त्या खिडक्या बंद झाल्या तरी गावाचं काही अडणार नाही.

रायवळ

तुमच्या बाबांना लागलं त्याचं वाईट वाटलं. पण शेवटचं वाक्य मागे घ्या.

मी देवगड तालुक्यातच, पडेल भागात राहते. १६ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे खांब आडवे झाले, टॉवर मेला, फोन चार्ज करायला सोय नव्हती. त्या दिवसांत एकमेकांच्या हातात नोट दिली तरच व्यवहार व्हायचा. वादळाचं सोडा, दर जुलैत आमच्या वाडीत रेंजसाठी वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जावं लागतं. तिथे उभं राहून ओटीपीची वाट बघायची, आणि तो आला की वेळ संपलेली असते. डोंबिवलीतून दोन मिनिटं लागतात, इथून लागत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही नाव आणि रक्कम बघता. तुमचे बाबा बिल बघायचे. चालू रीडिंग, मागील रीडिंग, किती युनिट जळले, मीटरचा फोटो, सगळं. आमच्या शेजारचं घर मुंबईकरांचं आहे, वर्षातून दोनदा उघडतं, गणपतीला आणि मे महिन्यात. मीटर आतल्या पडवीत. रीडिंग घ्यायला आलेला माणूस कुलूप बघून जातो आणि सरासरीने बिल पडतं. ते तिकडून मुकाट्याने भरत राहिले. बंद घराची युनिटं! मी एकदा त्यांचं बिल हातात घेऊन वाचलं तेव्हा कुठे लक्षात आलं. खिडकीवर कागद घेऊन जाणारा माणूस आधी कागद वाचतो.

डोंबिवली_देवगड

@रायवळ, ताई, बिल न वाचणं ही भरणाऱ्याची चूक, भरण्याच्या पद्धतीची नाही. पूर्ण बिल महावितरणच्या साइटवर फोटोसकट दिसतं. रीडिंग घेता आलं नसेल तर ग्राहकाला स्वतः पाठवायची सोयही आहे, आणि पुढे खरं रीडिंग मिळालं की सरासरीचे पैसे वळते होतात. रेंजचं मान्य. पण म्हणूनच तर मी इथून भरतो.

गलबत

मीही इथून भरायचो. दोन वर्षांपूर्वी खात्यातून १,८७० रुपये गेले आणि बिल भरलेलंच दिसेना. बँकेत विचारलं तर म्हणाले वीज कार्यालयात जा, कार्यालयात म्हणाले आमच्याकडे आलेच नाहीत, बँकेला विचारा. अकरा दिवस मी कामाच्या वेळेत फोन करत होतो आणि तिकडे गुहागरला आई रोज विचारत होती, वायर कापायला माणूस येणार का म्हणून. त्या माऊलीने आयुष्यात कोणाचा रुपया बुडवला नाही. शेवटी पैसे परत आले, पण आईची झोप गेली ती गेलीच. आता भाचा गुहागरात जाऊन रोख भरतो. शिक्का बसला की विषय संपला.

सुरंगी

बँकेत ३१ वर्षं काम करून रत्नागिरीत निवृत्त झाले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गलबत, तुमच्यासारखी प्रकरणं मी काउंटरवर बघितली आहेत आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला: व्यवहार क्रमांक आहे का? बँकेतून बिल भरता ते बहुतेक भारत बिलपे (आताचं नाव भारत कनेक्ट) या व्यवस्थेतून जातं. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये तिची चौकट ठरवली आणि २०१७ पासून ती पूर्णपणे चालू आहे. त्याआधी प्रत्येक बँकेचा प्रत्येक कंपनीशी वेगळा करार असायचा, आणि मधल्या मध्ये पैसे अडकले तर खरोखर कोणी वाली नसायचा. आता प्रत्येक भरण्याला एक क्रमांक मिळतो आणि ज्या बँकेतून भरलं तिथेच त्या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. "कंपनीला विचारा" म्हणून तुम्हाला परत पाठवणं चूकच होतं. यूपीआयने कंपनीला दिलेले पैसे मध्येच अडकले तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. ही भरपाई मागायची नसते, बँकेने स्वतःहून द्यायची असते.

आणि वायर कापायचं म्हणाल तर वीज कायदा २००३, कलम ५६. तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आईंना एवढं कोणीतरी सांगायला हवं होतं.

माझं मत म्हणाल तर बँकेतूनच भरा. पण तीन पथ्यं पाळा. पेन्शन आणि ठेवी ज्या खात्यात आहेत त्यातून बिलं भरू नका, वेगळं खातं काढा आणि त्यात चार-पाच हजारच ठेवा. शेवटच्या तारखेला भरू नका, चार दिवस आधी भरा. आणि गावच्या लाईटबिलाला ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप बिल भरायची सोय, लावू नका. ऑटोपेत पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो खरा, पण तो वाचणार कोण? रायवळ म्हणतात ते सरासरीचं बिल असंच गुपचूप जात राहतं. दर महिन्याला हाताने भरा, म्हणजे डोळ्यांखालून जाईल.

कोकमआगळ

फसवणुकीबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या मावशीला, वेंगुर्ल्याला, मेसेज आला: मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा. साध्या दहा आकडी मोबाईलवरून आलेला. तिने फोन केला. समोरच्याने गोड बोलून एक ॲप टाकायला लावलं, दहा रुपये भरून बघा म्हणाला, आणि तिच्या स्क्रीनवरचं सगळं तिकडे त्याला दिसत होतं. ४८,००० रुपये गेले. काजूचे पैसे होते ते, नुकतेच आलेले.

ज्या बाईने कधी ऑनलाईन बिल भरलंच नसतं तिला हा फोन खोटा वाटला असता. तिच्या मुलाने "आता सगळं मोबाईलवरच असतं" असं तिला पटवलं होतं, म्हणून ती फसली. मुंबईकरांनो, अर्धवट शिकवून जाऊ नका. शिकवायचं तर आठवडाभर शेजारी बसून शिकवा, नाहीतर खिडकीवर जाऊ द्या.

सुरंगी

@कोकमआगळ, अगदी खरं. १५ दिवसांच्या नोटिशीचा नियम माहीत असता तर "आज रात्री" या दोन शब्दांतच खोटेपणा कळला असता. असं काही झालं तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान ग्राहकाच्या माथी नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात आहे. पण ओटीपी आपण सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. मावशींच्या बाबतीत हेच आड आलं असणार.

माजघर

सगळे लाईटबिलावरच अडलात. घरपट्टीचं काय?

आमच्या ग्रामपंचायतीत शिपायाच्या टेबलावर क्यूआर चिकटवलाय. चुलत्याच्या मुलाने पुण्याहून घरपट्टी भरली, चांगल्या मनाने. घर चार भावांचं सामाईक, असेसमेंटला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत, आजोबांचं नाव. पैसे गेले त्याच्या खात्यातून, पावतीवर "हस्ते" म्हणून त्याचंच नाव. झालं. धाकटे काका म्हणाले, हा आता घरावर हक्क सांगणार. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नाही हे वकिलाने समोर बसवून सांगितलं तरी दोन गणपती ते आले नाहीत. मूर्तीसमोर त्यांची जागा रिकामी होती.

पूर्वी वडील जाऊन भरायचे, पावती देवघराच्या फळीवरच्या ट्रंकेत पडायची, कोणी वाचायचंही नाही. मी ऑनलाईनच्या विरोधात नाही. पण सामाईक घराचं बिल भरायच्या आधी भावंडांच्या ग्रुपवर सांगा, आणि भरल्यावर पावती तिथेच टाका.

गलबत

@सुरंगी, १०० रुपयांचं मला माहीत नव्हतं. बँकेनेही सांगितलं नाही. तरी माझं म्हणणं तेच आहे: नियम कागदावर असतो आणि वाट बघायला आई असते.

डोंबिवली_देवगड

काल रात्री सगळं परत वाचलं. खिडक्या बंद झाल्या तरी चालतील हे मी रागाच्या भरात लिहिलं होतं, ते मागे घेतो. साकवावर पडलेला माणूस माझा बाप होता, म्हणून लिहिलं गेलं.

पण बिल मी बँकेतूनच भरणार. फरक एवढाच केलाय की आज भरायच्या आधी बाबांना फोन करून मीटरवरचा आकडा विचारला. ते बॅटरी घेऊन पडवीत गेले, एकेक आकडा मोठ्याने वाचला, आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवून मी पैसे भरले. पावती छापून पोस्टाने पाठवतोय. शिक्का नसला तरी कागद आहे.

रायवळ

हे बरं केलंत. आकडा दर महिन्याला विचारा.

माझं मत मात्र तेच आहे. आमच्या वाडीत पाच घरं अशी आहेत की ज्यांची मुलं डोंबिवलीत नाहीत, कुठेच नाहीत. त्यांचं बिल बँकेतून भरायला कोणी नाही. १४ तारखेला मी जामसंड्याला जातेय, पाचही जणांचे पैसे आणि बिलं रबर लावून पिशवीत ठेवली आहेत. खिडकी दुपारी एकपर्यंतच असते, पहिली गाडी पकडावी लागेल.