साल्व्हिया कोकणात टिकवलाय का? तुमचा अनुभव लिहा

साल्व्हिया हे तुऱ्यांचं फुलझाड नर्सरीवाले 'बारमाही' म्हणून देतात. थंड देशांत त्यातल्या काही जाती बर्फाखाली मुळांवर तग धरतात, ते खरं. आपल्या झाडांना मारतो तो पाऊस. मिरगापासून दसऱ्यापर्यंत ज्यांची जगली त्यांनी लिहा. मेली असतील तर कशी मेली तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होईल.

गुहागर
आधीची दोन वर्षं आगरातल्या सपाट वाफ्यात लावला. जुलैत खोडं बुंध्याशी काळी पडून मऊ झाली. झाड उपाशी आहे समजून मी शेणखत घालत राहिले, त्याने मुळं आणखीच कुजली. तिसऱ्या वर्षी फुटक्या चिऱ्यांचा दीड हात उंच ओटा रचला. आत जाडी रेती, सोडणांचे (नारळाच्या सालींचे) तुकडे, माती आणि मूठभरच खत. पागोळ्या पडतात तिथून लांब, सकाळचं ऊन लागेल असा. निळ्या साल्व्हियाची 12 पैकी 7 रोपं जगली. ऑक्टोबरात वीतभर ठेवून छाटली, दिवाळीनंतर तुरेच तुरे! मोठा लाल मात्र दरवर्षी नव्यानेच लावते.

देवगड
ताई, ओट्याचं अगदी पटलं. आमच्याकडे शिवाय खारा वारा, पानांच्या कडा करपतात, म्हणून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आडोशाला लावतो. बारीक लाल फुलांचा कॉक्सिनिया साल्व्हिया लावून बघा. त्याचं जुनं झाड वाचवत बसत नाही. बी आपसूक पडतं आणि पाऊस ओसरला की चिऱ्यांच्या फटींतून रोपं वर येतात. सकाळी शिंजीर पक्षी फुलांवर हजर असतो, त्यासाठी तरी लावाच.

दापोली
जांभळा नेमोरोसा, हाही साल्व्हियाच, बियांपासून केला. दोन वर्षं नुसती पानं. त्याला हवी तशी थंडी किनाऱ्यावर कुठली? त्यावर पैसे घालू नका.

सावंतवाडी
मी निळ्याचे शेंडे सप्टेंबरच्या उघडिपीत लावते. बोटभर शेंडा पेराखाली कापायचा, खालची पानं काढायची, ओल्या रेतीत सावलीला ठेवायचा. तुळशीच्याच कुळातला हा, खोडही तसंच चौकोनी. तीनेक आठवड्यांत मुळं धरतात. मग जुनं झाड गेलं तरी वाण घरात राहतो.

आणि निळं फूल उमललं की गवताची बारीक काडी हळूच आत सरकवा. पुंकेसर खाली वाकून काडीवर पराग टेकवतो. मधमाशीच्या पाठीवरही तो असाच टेकतो. नातीला दाखवलं, तर आता रोज सकाळी काडी घेऊन परड्यात जाते.