सर्दी होऊ नये म्हणून रोज झिंक घ्यावं का? आमच्या घरात वाद पेटलाय

सुगरणीचा खोपा
आमच्या फ्रिजवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात २०२० पासून झिंकच्या गोळ्या असतात. करोनात सगळी सोसायटीच व्हिटॅमिन सी आणि झिंक घेत होती, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनीही सुरू केलं. बाकीच्यांच्या गोळ्या सुटल्या, अण्णांची ५० मिलिग्रॅमची गोळी मात्र नाश्त्यानंतर रोज चालूच राहिली. सर्दी दिवाळीत झाली, होळीलाही झाली. अण्णांचं म्हणणं, गोळी नसती तर छातीत उतरली असती.

गेल्या महिन्यात तळपायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. डॉक्टरांनी शक्यता बऱ्याच सांगितल्या, बी १२ही तपासायला दिलं, पण गोळ्यांचं पाकीट पाहिल्यावर म्हणाले, आधी हे बंद करा आणि रक्तातलं तांबं तपासून घ्या. जास्तीचं जस्त, म्हणजे झिंकच, रोज पोटात गेलं की आतड्याच्या पेशी तांब्याला आतच धरून ठेवतात, ते रक्तात पोचत नाही. तांबं कमी पडलं की रक्त बनत नाही आणि नसाही दुखावतात. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे. धडधाकट माणसानं सर्दी टाळायला रोज झिंक घेऊ नये. अण्णांना पटत नाही. रिपोर्ट यायचाय. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, माझ्या विरोधात असलं तरी चालेल.

खडूफळा
ताई, अण्णांना लवकर बरं वाटो. पण एका जास्तीच्या मात्रेवरून झिंकलाच बाद करू नका. मी २२ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. जून-जुलैत वर्गातली निम्मी पोरं नाक ओढत असतात, आणि दर पावसाळ्यात त्यांच्याबरोबर माझाही घसा बसायचा. मुलगा अमेरिकेहून चोखायच्या झिंकच्या गोळ्या आणतो. घशात पहिली खवखव जाणवली की मी दर दोन तासांनी एक तोंडात धरते. चव अशी की जुनं नाणं चाटल्यासारखं, चहासुद्धा बेचव लागतो. पण चौथ्या दिवशी मी वर्गात उभी असते, पूर्वी आठवडा जायचा.

आणि हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयात १०० कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली. लक्षणं दिसल्यापासून २४ तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या. झिंकवाले साधारण ४.४ दिवसांत बरे झाले, नुसती गोड गोळी घेणारे ७.६ दिवसांत. तीन दिवसांचा फरक आहे हा, किरकोळ नाही. घसा बसला तर ज्याचं कामच अडतं त्याला विचारा!

पुराव्यानं बोला
खडूफळाताई, त्याच चाचणीत झिंकवाल्यांपैकी दर पाचात एकाला मळमळ झाली होती. मुख्य म्हणजे १९९८ साली क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी शाळकरी मुलांवर तसाच प्रयोग केला, २४९ मुलं होती. काहीच फरक पडला नाही, दोन्हीकडे ९ दिवस. म्हणून स्वतः घ्या, पण वर्गातल्या पोरांच्या आयांना सुचवू नका, ही कळकळीची विनंती.

२०२० साली हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवस रोज ७८ मिलिग्रॅम झिंक चोखायला दिलं. त्याचाही उपयोग दिसला नाही, उलट गोळ्या संपल्यावर झिंकवाले जरा उशिरानंच बरे झाले. हा प्रयोग करणारे संशोधक स्वतः झिंकच्या बाजूचे होते आणि तरी त्यांनी निकाल जसाच्या तसा छापला, याचं मला फार कौतुक वाटतं. २०२१ साली करोनाच्या २१४ रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम झिंक ग्लुकोनेट (झिंकचा एक क्षार) देऊन पाहिलं. फायदा दिसेना, म्हणून चाचणी मध्येच थांबवली.

२०२४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं ३४ चाचण्या एकत्र तपासल्या, साडेआठ हजारांवर माणसं. सर्दी टाळण्यासाठी झिंकचा फायदा नाही किंवा असला तर नगण्य. सर्दी झाल्यावर घेतलं तर कदाचित दोनेक दिवस वाचतील, पण तो पुरावा कच्चा. म्हणजे मूळ प्रश्नाला, रोज घ्यावं का, याला उत्तर 'नाही' असंच आहे.

मेडिकलचा काउंटर
मी १५ वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय.

खडूफळाताई चोखतात ती गोळी आणि अण्णा गिळतात ती गोळी, नाव एक असलं तरी काम एक नाही. घशात बराच वेळ विरघळत राहिली तर जस्त तिथल्या विषाणूंपर्यंत पोचेल, अशी त्यामागची कल्पना. गिळलेली गोळी सरळ पोटात जाते. आपल्याकडे काउंटरवरून जातात त्या बहुतेक गिळायच्याच, नाहीतर व्हिटॅमिन सीबरोबर चावून खायच्या, ज्यात जस्त थोडंच असतं. त्या घेऊन क्लीव्हलँडच्या आकड्यांची अपेक्षा ठेवू नये.

पुराव्यानं बोला, तुमच्या करोनावाल्या चाचणीबद्दल एक सांगतो. ग्लुकोनेटच्या वजनात जस्त जेमतेम सातवा हिस्सा असतं. ५० हा आकडा ग्लुकोनेटचा असेल तर जस्त ७ मिलिग्रॅम झालं. एवढ्यावरून 'झिंक फसलं' म्हणणं मला पटत नाही. पाकिटावर 'एलिमेंटल झिंक' (म्हणजे निव्वळ जस्त) पुढे जो आकडा असतो तोच पाहायचा. मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरलंय, तेही अन्नातलं जस्त मोजून. अण्णा एका गोळीतच त्याच्या पुढे जात होते, तेही वर्षानुवर्षं. त्यांच्या दुकानदारानं एकदा तरी विचारायला हवं होतं.

अजून एक. डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर झिंक त्याच वेळी घेऊ नका, पोटात ते औषधाला चिकटतं आणि औषध लागू पडत नाही. आणि नाकात घालायचं झिंक कुणी परदेशातून आणलं तर हातही लावू नका. २००९ साली अमेरिकेत अशा जेलबद्दल सरकारी इशारा निघाला, १३० च्या वर लोकांनी वास येणं बंद झाल्याची तक्रार केली होती.

डोंगरवाटा
मी नंदुरबारकडे उपकेंद्रावर नर्स आहे. वरचं वाचून जीव कळवळला, कारण 'झिंकचा उपयोग नाही' एवढंच वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरत आमच्या पाड्यापर्यंत पोचेल.

पोराला जुलाब लागले की आम्ही ओआरएसबरोबर झिंक देतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००४ पासून हेच सांगतात. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला २० मिलिग्रॅमची एक गोळी, त्याहून लहानाला अर्धी. चमच्यात आईचं दूध किंवा पाणी घ्यायचं, गोळी टाकायची, ती आपोआप फुटून विरते, मग बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूनं सोडायचं. चौदा दिवस. खरी लढाई त्या चौदाची आहे. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि आई गोळी बंद करते. आशाताई घरी जाऊन पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजते, तेव्हा कळतं. पूर्ण दिल्या तर पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत लागण्याचं प्रमाण कमी होतं.

शहरातल्या सर्दीचं तुम्ही ठरवा. पण लिहिताना 'सर्दीसाठी रोज नको' असं पूर्ण लिहा. एवढं ऐका माझं.

सुगरणीचा खोपा
डोंगरवाटाताई, चूक माझीच. शीर्षकात नुसतं 'झिंक घ्यावं का' होतं. 'सर्दी होऊ नये म्हणून रोज' हे आत्ता घातलं.

खाडीकाठ
सगळे गोळीवरच बोलताय. आपल्या ताटात जस्त कमी पडतं, हा मुद्दा मी अण्णांच्या बाजूनं मांडतो. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २०२० साली पुरुषाची रोजची गरज १७ मिलिग्रॅम ठरवली, अमेरिकेत ११ धरतात. आपली जास्त, कारण आपण पोळी, भात, डाळीवर जगतो आणि त्यातलं फायटेट (धान्य-डाळींतला एक घटक) जस्ताला धरून ठेवतं.

माणसाला जस्त कमी पडू शकतं हे जगाला दाखवणारे डॉ. आनंद प्रसाद आपल्याच बक्सरचे. १९५८ साली इराणात शिराझला त्यांच्यापुढे २१ वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या पोरासारखा. खाणं म्हणजे बिनखमिराची रोटी आणि माती. तिथून त्यांचं सगळं काम उभं राहिलं. पुढे याच प्रसादांनी सर्दीवर झिंक चोखायला देऊनही पाहिलं आणि त्यांना फायदा दिसला. म्हणून खडूफळाताईंना मी खोटं ठरवणार नाही.

आमच्याकडे भरती ओसरली की बायका खडकावर कोयती घेऊन कालवं फोडायला जातात. जस्त कालवांइतकं दुसऱ्या कशातच नाही. शाकाहारी असाल तर तीळ, काजू, भोपळ्याच्या बिया, मोड आलेली मटकी. मोड आणले, पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं.

पुराव्यानं बोला
खाडीकाठ, कमतरता असेल तर भरून काढावी, याला माझा विरोध नाहीच. पण अण्णांना कमतरता होती हे कुणी तपासलं? 'आपल्याकडे कमी पडतं' एवढ्यावर ५० मिलिग्रॅम रोज, हे मला मान्य नाही. काउंटरदादा, ग्लुकोनेटचा हिशोब मान्य, ती चाचणी मी यापुढे पुरावा म्हणून देणार नाही.

सुगरणीचा खोपा
रिपोर्ट आला. तांबं खरंच कमी आहे. बी १२ही थोडं कमी निघालं, त्यामुळे मुंग्यांचा सगळा दोष झिंकवर टाकत नाही. अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि स्वतःच डबा खाली काढला. सात पाकिटं निघाली. फक्त एक विचारायला सांगितलंय त्यांनी: पुढच्या सर्दीला दोन-चार दिवस चोखायची गोळी चालेल का?

मेडिकलचा काउंटर
तांबं भरून येईस्तोवर अजिबात नाही. नंतरही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि ती सात पाकिटं शेजाऱ्यांना वाटू नका, ताई.

खडूफळा
अण्णांना माझा नमस्कार सांगा. मी माझ्या गोळ्या सोडणार नाही, पण चार दिवसांच्या वर घेत नव्हते ते बरंच झालं म्हणायचं. आणि वर्गातल्या दोन आयांना मी सुचवलं होतं, त्यांना उद्या सांगते.