नाईलवर लक्सर ते अस्वान : देवळं आणि गावं दोन्ही बघायची, तर बोट कोणती घ्यावी?

नदीकाठ
फेब्रुवारीत इजिप्तला जायचं ठरतंय. चौघं आहोत, त्यात दोन ज्येष्ठ. एकांचे गुडघे दुखरे आहेत. सपाटीवर चालतात, जिने त्रासाचे. सगळे शाकाहारी. देवळं घाई न करता बघायची आहेत आणि काठावरची गावंही. एजंट '३ रात्री की ४ रात्री' एवढंच विचारतो आणि बोटीचे तारे मोजून दाखवतो. नेमकं काय विचारून बुकिंग करावं?

गलबत
तारे बाजूला ठेवा. आधी दोनच गोष्टी विचारा : बोट कुठे कुठे थांबते आणि केबिन किती.

मोठी क्रूझ बोट म्हणजे साधारण ५०-७० केबिन. लक्सर आणि अस्वानच्या मधले तिचे थांबे ठरलेले असतात, एडफू आणि कोम ओम्बो. वाटेत गाव एकही नाही. ४ रात्रींपैकी बराच वेळ ती धक्क्यालाच उभी असते, तीही एकटी नाही. चार-पाच बोटी एकमेकींना खेटून लावतात आणि काठावर जायला शेजारच्या बोटींच्या लॉबीतून जावं लागतं. खिडकी उघडली की हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीची खिडकी आणि डिझेलचा वास. त्यामुळे 'नाईलचं दृश्य' म्हणून जास्त पैसे घेत असतील तर ते फक्त बोट चालू असतानाचं, हे धरून चाला. केबिन मधल्या मजल्यावरची आणि पुढच्या बाजूची मागा. खालच्या मजल्यावर आणि मागे इंजिन-जनरेटरची घरघर. अगदी वरच्या मजल्यावर पहाटे डेकवरच्या खुर्च्या ओढल्याचा आवाज.

दहाबिया म्हणजे दोन शिडांची लांबट बोट, ६ ते १० केबिनची. स्वतःचं इंजिन नसतं. वारा पडला की टगबोट ओढते. तिला मोठा धक्का लागत नाही, म्हणून एल काबचे प्राचीन अवशेष, गेबेल सिलसिलाची जुनी दगडखाण, मधली बेटं, शेतावरची गावं अशी कुठेही ती काठाला लागते. तुम्हाला गावं हवी आहेत, तर दहाबियाच घ्या. दर रात्रीचा खर्च मोठ्या बोटीपेक्षा जास्त, पण मोठ्या बोटीवर गाव मिळतच नाही.

दिशा महत्त्वाची. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक उत्तरेचा असतो. म्हणून शीड उभारून प्रवाहाविरुद्ध, म्हणजे अस्वानकडे जायचं. उलट दिशेची दहाबिया घेतलीत तर वारा तोंडावर येतो आणि बराचसा प्रवास टगच्या मागे होतो. बहुतेक दहाबिया एस्नाहून निघतात. लक्सर ते एस्ना गाडीने तासाभराचं अंतर आहे; ती गाडी दरात धरली आहे का, हे लेखी घ्या.

पाथरवट
गलबत, दुखऱ्या गुडघ्यांना दहाबिया सरसकट सुचवू नका. काठाला लागली की ती अरुंद फळी टाकते, पलीकडे मातीचा किंवा वाळूचा चढ. खलाशी हात धरतात, पण कठडा नसतो. मोठ्या बोटीवर काहींत लिफ्ट असते आणि कोम ओम्बोचं देऊळ धक्क्यापासून पाच-सात मिनिटांवर. त्यामुळे घरच्यांना आधी विचारा : एक फूट रुंद फळीवरून हात धरून चार पावलं जमतील का? जमत असेल तर दहाबिया, नाहीतर मोठी बोट आणि अस्वानला मुक्काम वाढवून तिथली गावं.

देवळांबद्दल. एडफूचं होरसचं देऊळ इसवी सनपूर्व २३७ ते ५७ या काळात बांधलं गेलं. दाराचे बुरूज ३६ मीटर उंच, छप्पर शाबूत, जमीन बरीचशी सपाट. गुडघ्यांना हे सगळ्यांत सोयीचं. अडचण एकच : सगळ्या मोठ्या बोटी साधारण एकाच वेळी पोचतात आणि पहाटे झुंबड उडते. धक्क्यापासून घोडागाडीने नेतात. बरेच घोडे हाडं निघालेले, उपाशी असतात. टॅक्सी किंवा टुकटुक मिळते, बोटीवर आदल्या रात्रीच सांगून ठेवा. आत गेल्यावर गर्दी गाभाऱ्याकडे धावते. तुम्ही आधी गाभाऱ्याभोवतालच्या बाहेरच्या प्रदक्षिणामार्गावर वळा, तिथल्या भिंती कोरीव कामाने भरल्या आहेत आणि वर्दळ कमी.

कोम ओम्बोला एकाच देवळात दोन देव, मगरीचा सोबेक आणि होरसचं थोरलं रूप. सगळं जोडीने : दारं दोन, गाभारे दोन. मागच्या भिंतीवर वैद्यकीय हत्यारांचं कोरीवकाम शोधा. चिमटे, कात्र्या, वाट्या ओळखू येतात. शेजारी मगरींच्या ममींचं संग्रहालय, त्याच तिकिटात.

एस्नाचं ख्नूमचं देऊळ चुकवू नका. मोठ्या बोटी तिथल्या लॉकमधून (बंधाऱ्यावर बोटी वर-खाली करणाऱ्या पाणीदारातून) जाताना ते सोडूनच देतात. ते रस्त्यापासून ९ मीटर खाली आहे, म्हणजे जिना आहे. पण अलीकडे छताची आणि खांबांची काजळी साफ केली आहे आणि खालचे मूळ रंग आज इथे दिसतात तेवढे इतर फार थोड्या देवळांत दिसतात. गुडघेदुखीवाल्यांनीही सावकाश उतरावं, एवढं ते मोलाचं आहे.

गेबेल सिलसिला ही वालुकाश्माची खाण. कर्नाक, एडफू, कोम ओम्बोचा दगड इथला. कड्यावर छिन्नीच्या तिरप्या रेघा ओळीने दिसतात. हात लावू नका, पण जवळ जाऊन बघा. त्या बघून मग कोम ओम्बोचे खांब बघितले की दगड कुठून कुठे गेला ते कळतं.

लक्सरला राजांच्या दरीत साध्या तिकिटात ३ थडगी. तुतनखामुन आणि सेती पहिला यांची तिकिटं वेगळी. गुडघ्यांसाठी रामसेस चौथ्याचं घ्या, रुंद आणि मंद उतार. थुतमोस तिसऱ्याचं टाळा, आधी उंच लोखंडी जिना चढून मग आत तेवढंच उतरायचं.

तिसरा प्रहर
गावांबद्दल थोडं. 'न्युबियन गाव' (न्युबियन म्हणजे अस्वानच्या दक्षिणेकडचे मूळ रहिवासी) म्हणून एजंट नेतो ते बहुधा घर्ब सोहेल. रंगवलेली घरं, उंट, दुकानांची रांग, आणि घरात टाकीत मगरीची पिल्लं. तोंड बांधलेलं पिल्लू हातात देऊन फोटो काढतात. ते टाळा, मागणी आहे म्हणून ती पकडली जातात.

त्याऐवजी अस्वानला एलिफंटाइन बेट. साध्या प्रवासी होडीने पाच मिनिटांत पोचता, दोन न्युबियन वस्त्या, मातीच्या बोळांतून पायी फिरायचं. किंवा फिलाईच्या बेटावरच्या देवळाला जाताना तीच मोटरबोट पुढे हेसा बेटावर न्या. बोटीचं भाडं माणशी नसून पूर्ण बोटीचं असतं. जाणं-येणं, थांबायचे तास आणि दोन्ही ठिकाणं चढण्याआधीच ठरवा, नाहीतर परतीच्या वेळी आकडा बदलतो.

अस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्याखाली न्युबियन गावं गेली आणि १९६३-६४ मध्ये हजारो कुटुंबं कोम ओम्बोच्या आसपास हलवली. म्हणून 'हे तुमचं मूळ गाव का' हा प्रश्न सहज म्हणून विचारू नका, उत्तर जड असू शकतं. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. मुलांना पैसे-गोळ्या नकोत; घरात कॉफी घेतलीत तर पैसे घरच्या बाईच्या हातात.

नदीकाठ
फारच उपयोगी. फळी जमेल, घरी विचारलं. अबू सिंबेलची कड्यात कोरलेली देवळं कशी बसवावीत? आणि जेवणाचं?

गलबत
मग असं करा : लक्सरला हॉटेलात २ रात्री, एस्नाहून दहाबिया ४ रात्री, अस्वानला हॉटेलात २ रात्री. अबू सिंबेल अस्वानहून साधारण २८० किलोमीटर, गाडीने एका बाजूला साडेतीन तास. पहाटे ४ ला निघून दुपारी परत. बोटीत चढायच्या दिवशी हे कोंबू नका. २२ फेब्रुवारी टाळा. त्या दिवशी सूर्यकिरण गाभाऱ्यापर्यंत जातात आणि तुफान गर्दी होते. बघायचंच असेल तर आदल्या रात्री अबू सिंबेल गावातच राहा.

तिकिटांना बहुतेक ठिकाणी कार्डच चालतं, दोन कार्डं ठेवा. बक्षिशीसाठी १०, २०, ५० इजिप्शियन पाउंडांच्या नोटा. सुटे बँकेतूनच मागून घ्या. पहारेकरी दोरीपलीकडे बोलावतो तो पैशांसाठी. जाऊ नका, कोरीवकाम घासलं जातं.

तिसरा प्रहर
जेवण : फूल (बाकल्याची उसळ), तामिया (बाकल्याचे वडे), कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी एकत्र), ताहिनी (तिळाची चटणी), भाज्या. फसवणारे पदार्थ दोन. मुलुखियाची हिरवी भाजी बहुधा कोंबडीच्या रश्शात शिजते आणि मसुराच्या सारातही कधी तोच रस्सा असतो. नुसतं 'मांस नको' म्हणू नका, कोंबडी-मासे त्यात धरत नाहीत. 'मांस, कोंबडी, मासे आणि त्यांचा रस्साही नको' असं बुकिंग करतानाच लिहून द्या. दहाबियाचा स्वयंपाकी बाजारहाट निघण्याआधी करतो, वाटेत दुकान नसतं.

आणि पोहायचा मोह झाला तर काठालगतच्या संथ, गवताळ पाण्यात पाय घालू नका, तिथे बिल्हार्झिया या रोगाचे जंतू त्वचेतून शिरतात.