मदत हवी आहे: बेघर माजी सैनिकांसाठी व्हीए ग्रँटचा अर्ज कोणी केलाय का?

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या एका छोट्या नॉनप्रॉफिटमध्ये व्हॉलंटियर करतो, आम्ही बेघर व्हेटरन्सना जेवण, कागदपत्रं, डॉक्टरकडे ने-आण असं बघतो. आता बोर्डाचं म्हणणं आहे की व्हीएच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या माजी सैनिक खात्याच्या, ग्रँटसाठी अर्ज करूया आणि ते काम माझ्याकडे आलंय.

मला कळलंय ते असं की एसएसव्हीएफ (व्हेटरन्सच्या कुटुंबांना घर मिळवायला किंवा टिकवायला मदत करणारी व्हीएची योजना) यातून भाडं, डिपॉझिट, वीजबिल यासाठी मदत करता येते पण पैसे थेट घरमालकाला किंवा कंपनीला जातात, आणि ग्रँट अँड पर डीएम म्हणजे जीपीडी मुख्यतः तात्पुरत्या निवाऱ्यासाठी, साधारण २४ महिन्यांपर्यंत, त्यात माणशी रोजच्या हिशोबाने पैसे मिळतात. सॅम डॉट गव्ह या फेडरल ग्रँटसाठीच्या सरकारी वेबसाइटवर रजिस्ट्रेशन आणि यूईआय नंबर (संस्थेचा ओळख क्रमांक) झालाय.

माझी खरी अडचण पुढे आहे. जीपीडीत आधी खर्च करून मग पैसे मागायचे असतील तर आमच्यासारख्यांनी तोवर पगार कुठून द्यायचे? की आधीच ग्रँट असलेल्या मोठ्या संस्थेच्या हाताखाली सबकॉन्ट्रॅक्टवर काम करणं बरं? मला तरी हेच शहाणपणाचं वाटतं, पण बोर्ड ऐकत नाहीये. आणि एचएमआयएसमध्ये (बेघर लोकांची आणि त्यांना दिलेल्या मदतीची नोंद ठेवणारी कॉम्प्युटर सिस्टीम) डेटा भरायला वेगळा माणूस लागतोच का?

कोणी फेडरल ग्रँट लिहिली असेल किंवा अशा संस्थेचं अकाउंटिंग बघत असेल तर प्लीज सांगा, फोनवर बोलायलाही तयार आहे. थंडीत गाडीत झोपणारी सत्तरीची माणसं आहेत हो यात, त्यामुळे अर्ज नीट जायला हवा.