शेवटच्या बॅचची स्पिटफायर १५०० खरी कशी ओळखायची?

चिकोडी_गिअर
नमस्कार मंडळी. आमच्या भागात एक ट्रायम्फ स्पिटफायर १५०० (इंग्लंडची जुनी दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार) विकायला निघाली आहे. पिवळी, वर हार्डटॉप (काढता येणारं कडक छप्पर), ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सला जोडलेला जादा वरचा गिअर) चालू. मालक सांगताहेत की ऑगस्ट १९८० मध्ये कारखाना बंद व्हायच्या वेळी ज्या शेवटच्या गाड्या निघाल्या त्यांतली ही एक, आणि त्यापायी किंमत दीडपट लावली आहे. आरसीवर उत्पादन १९८०, पहिली नोंदणी १९८१. कंपनीने गाडीवर लावलेल्या नंबराच्या पाटीवर टीएफएडीडब्ल्यू १ एटी आणि पुढे ००४ ने सुरू होणारे सहा आकडे. इंजिन नंबर एफएमने सुरू होतो, शेवटी एचई. चेसिसवरही पाटीचाच नंबर पंच केलेला आहे, पण अक्षरं एका ओळीत नाहीत.

दावा कसा तपासायचा? आणि गाडी घेतलीच तर इकडच्या हेराल्डवाल्या (ट्रायम्फच्याच घराण्यातली, मद्रासला बनलेली जुनी स्टँडर्ड हेराल्ड) मिस्त्रींना जमेल का? हेराल्डचेच पार्ट बसतात असं सगळे म्हणतात.

हलगा_हेराल्ड
दादा, रंग, हार्डटॉप आणि ओव्हरड्राइव्ह या तीन गोष्टींवर पैसे मोजू नका. सगळ्यात शेवटची स्पिटफायर कॅन्ले कारखान्यातून ऑगस्ट १९८० मध्ये निघाली. ती इंका यलो रंगाची, हार्डटॉप आणि ओव्हरड्राइव्ह असलेली होती. विकलीच गेली नाही, इंग्लंडात गेडनच्या संग्रहालयात आहे. तेव्हापासून पिवळी स्पिटफायर दिसली की तिला शेवटची म्हणायची सवयच लागली आहे. हार्डटॉप बोल्टवर बसतो, कुठल्याही गाडीचा काढून कुठल्याही गाडीला लावता येतो. लोहचुंबक लावून बघा. कंपनीचा टॉप पत्र्याचा, बाहेरचे बरेचसे फायबरचे.

आता पाटी. १५०० हे मॉडेल डिसेंबर १९७४ पासूनचं. त्यातल्या आधीच्या गाड्यांचा कमिशन नंबर (पाटीवरचा गाडीचा नंबर) एफएचने सुरू होतो, अमेरिकेला गेलेल्यांचा एफएमने. टीएफए ही मालिका शेवटच्या वर्षातली, म्हणजे गाडी उशिराची आहे हे खरं. पण त्या मालिकेचे आकडे दहा हजाराच्या किंचित आत संपतात. तुमची ००४ वर आहे, म्हणजे मधल्या टप्प्यातली.

दुसरं, डब्ल्यूनंतरचा आकडा बघा. १ म्हणजे उजव्या स्टिअरिंगची, ओव्हरड्राइव्ह नसलेली. उजवं स्टिअरिंग आणि ओव्हरड्राइव्ह असेल तर तिथे ५ येतो. (डाव्या स्टिअरिंगला २ आणि ६.) तेव्हा एकतर ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स नंतर घातला आहे, नाहीतर पाटी दुसऱ्या गाडीची आहे. गिअरबॉक्स बदललेला असेल तर त्यात गैर काही नाही, गाडी चालवायला उलट चांगली. पण दोहोंपैकी काय ते आधी कळायला हवं.

इंजिन नंबर मात्र जुळतो. एफएम हा १५०० च्या इंजिनाचा प्रिफिक्स आणि एचई म्हणजे हाय कॉम्प्रेशन. अमेरिकेच्या गाडीला यूई असतं आणि जोड एसयू कार्बोरेटरच्या जागी एकच झेनिथ स्ट्रॉमबर्ग. इथे गोंधळ होतो तो एफएमचा. कमिशन नंबरात एफएम असेल तर गाडी अमेरिकेची, इंजिन नंबरात असेल तर नुसतं १५०० चं इंजिन.

कागद_काका
पंच केलेल्या नंबराबद्दल. या गाड्यांचा नंबर कारखान्यात रिवेट केलेल्या पाटीवर येतो. आपल्याकडे आरटीओला चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा) लागतो, म्हणून बऱ्याच परदेशी गाड्यांवर इथे आल्यावर हाताने नंबर ठोकला गेला. अक्षरं वाकडी आहेत एवढ्यावरून गाडी चोरीची ठरत नाही. रिवेट बघा. पाटीचे रिवेट नवे चकचकीत, आणि भोवतीचा रंग कापल्यासारखा दिसला तर थांबा.

जन्मतारीख एकाच ठिकाणी मिळते. ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदवह्यांवरून हेरिटेज सर्टिफिकेट देतं. पाटीवरचा नंबर आणि फोटो पाठवायचे, फी भरायची. त्यात बांधणीची तारीख, मूळ रंग, आतल्या कापडाचा रंग, इंजिन नंबर, बॉडी नंबर आणि गाडी कुठे पाठवली ते येतं. बॉडी नंबरची छोटी पाटी वेगळी असते. मोठी पाटी बदलणारा या छोट्या पाटीला सहसा विसरतो, म्हणून आधी ती शोधा. सर्टिफिकेट येईपर्यंत ‘शेवटची’ या शब्दाचा एक रुपयाही देऊ नका. १९८१ ची नोंदणी काहीच सिद्ध करत नाही. न विकलेल्या गाड्या शोरूममध्ये राहून पुढच्या वर्षी नोंदल्या गेल्या.

इकडच्या कागदांचं असं करा. ज्या आरटीओत सध्याची नोंद आहे तिथून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदवहीचा उतारा, काढा. मालकांची साखळी, रंगबदल, इंजिनबदल, कर्ज, सगळं त्यात दिसतं. नोंद १९८९ च्या आधीची, तीन अक्षरी नंबरची असेल तर ती ऑनलाइन चढलेली आहे का बघा. नसेल तर बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) विक्रेत्याकडूनच करून घ्या, तुमच्या नावावर आल्यावर तीच हेलपाट्यांची होते. गाडी कोल्हापूर किंवा गोव्याच्या, म्हणजे परराज्याच्या नंबरची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि नावावर करायला २९ व ३०. सोबत कस्टमची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) आणि ड्यूटीची पावती मागा. पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्या सोडल्या तर तीन वर्षांहून जुनी गाडी आज सहसा आयात करता येत नाही, तेव्हा १९८० ची गाडी ‘आत्ताच आणली’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. आणि गोव्याकडून येणाऱ्या स्पिटफायरला हमखास पोर्तुगीज काळ चिकटवतात. हे मॉडेलच ऑक्टोबर १९६२ मध्ये बाजारात आलं, गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला होता.

व्हिंटेज नोंदणीचा विचार सध्या सोडा. २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात. ही गाडी २०३१ ला बसेल. तोवर नेहमीचं फॉर्म २५ चं नूतनीकरण.

उद्यमबाग_लेथ
हेराल्डचे पार्ट बसतात हे अर्धंच खरं आहे. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचं इंजिन ९४८ सीसी, बोअर ६३ आणि स्ट्रोक ७६ मि.मी. याचं १४९३ सीसी, बोअर ७३.७ आणि स्ट्रोक ८७.५. क्रँक, बेअरिंग, पिस्टन काहीही चालणार नाही.

लांब स्ट्रोकमुळे १५०० चा क्रँक (पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) हीच तिची नाजूक बाजू. घेण्याआधी हे एक माप घ्याच. क्रँक पुलीच्या तोंडावर डायल गेज (बारीक सरक मोजायचं घड्याळ) टेकवा, पुली हाताने मागेपुढे ढकला, मग दुसऱ्याला क्लच दाबायला लावून परत बघा. ०.१० ते ०.२० मि.मी. सरक ठीक. ०.३५ च्या पुढे गेली तर मागच्या मेन बेअरिंगचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकत्या) संपत आले आहेत. ते अर्धगोल वॉशर पार झिजले की खाली सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) पडतात, मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो आणि ब्लॉक जातो. वेळेत धरलं तर सम्प आणि ती मेन कॅप उतरवून खालूनच ओव्हरसाइज वॉशर घालता येतात, इंजिन काढावं लागत नाही.

पुढच्या चाकाचा पितळी ट्रनियन (चाकाची उभी लिंक ज्यात आट्यांवर फिरते तो खालचा सांधा) मात्र हेराल्डवाल्यांच्या ओळखीचा. त्यात ग्रीस भरू नका, ईपी ९० गिअर तेलच घाला, दर १०,००० कि.मी. ला, खानापूरकडच्या पावसात त्याहून लवकर. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी आत राहतं, आटे गंजतात, आणि एखाद्या वळणावर लिंक तुटून चाक आडवं होतं. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट आहेत, अदलाबदल करू नका.

मागची पाटा स्प्रिंग हेराल्डची लावू नका. या गाडीत एकच पातं डिफरन्शियलला (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याला) घट्ट आवळलेलं असतं, बाकीची मोकळी हलतात. हेराल्डची सगळीच आवळलेली. ती लावली तर वळणावर ब्रेक मारताच मागचं चाक आत मुडपतं.

चिकोडी_गिअर
मनापासून आभार. आज परत जाऊन बघितलं. हार्डटॉप फायबरचा निघाला. दाराचं पॅनेल सोडवून आत पाहिलं तर पिवळ्याखाली दुसरा कुठला रंग नाही. क्रँकची सरक ०.१८. पण पुढून जॅक लावून उचलली तर डाव्या दाराची मागची फट वरच्या बाजूला मिटत जाते, दार घासून उघडतं. खालचा सिल (दाराखालची लांब पेटीसारखी कड) नवा वाटतो. मिस्त्री म्हणतो, चेसिस वेगळी आहे, सिल फक्त दिखाऊ.

हलगा_हेराल्ड
हेराल्डच्या बाबतीत मिस्त्री बरोबर आहे. तिच्या चेसिसला बाजूचे आधार आहेत, सिल नुसता झाकणीचा. स्पिटफायरला ते आधार नाहीत, तिथे सिलच भार घेतो. तुमच्या गाडीत बाहेरचा पत्रा नवा लावलाय पण आतला सिल आणि मधली पट्टी सडलेलीच ठेवली असणार. कार्पेट उचलून फ्लोअरच्या कडेला पेचकस टोचून बघा.

दुरुस्ती होते, पण क्रम चुकला तर बॉडी कायमची वाकते. आधी गाडी चारही चाकांवर सपाट उभी करा. बिजागरीचा खांब ते कुलपाचा खांब, दाराच्या मापाने दोन आडव्या चौकोनी नळ्या बोल्ट किंवा वेल्ड करा आणि दार लावून फट एकसारखी आली का पाहा. मगच कापा. एका वेळी एकच बाजू, आतला सिल, मधली पट्टी, बाहेरचा सिल, आणि प्रत्येक टप्प्यावर दार परत लावून बघा. दोन्ही बाजू एकदम उघडू देऊ नका.

आणि भाव करताना गाडी १९८० ची, मूळ पिवळी, चांगल्या इंजिनाची, पण सिल गेलेली म्हणून करा. पत्र्याचं काम दोन्ही बाजूंचं धरा, उजवी आज मिटत नसली तरी.