मदत हवी आहे: एअर फ्रायरमध्ये बिस्किटं वरून करपतात आणि आत कच्ची राहतात

निशिगंध
एअर फ्रायरमध्ये बटर बिस्किटं करतेय. दर वेळी तेच होतं. वरून काळपट, मध्ये मऊ आणि खालून पांढरीफटक. रेसिपी नेहमीचीच आहे, ओव्हनमध्ये उत्तम व्हायची. परवा पाहुणे येणार आहेत, त्यांना जाताना डबा भरून द्यायचाय. पीठ मळून फ्रीजमध्ये ठेवलंय, म्हणजे ते आता बदलता येणार नाही. नेमकं काय करू ते सांगा. ओव्हन बिघडलाय, त्यामुळे 'ओव्हनमध्येच करा' हे कृपया नको.

नीलमोहोर
मी १५० वर १२ मिनिटं ठेवते. मस्त होतात. १५० करून बघा.

तळटीप
तापमान किती ठेवता? वेळ किती? बिस्किटं किती जाड लाटता? फ्रायर खेचायच्या टोपलीचा आहे की ओव्हनसारखा दाराचा? हे कळल्याशिवाय सांगितलेलं सगळं अंदाजपंचेच होईल.

निशिगंध
टोपलीचा. तापमान आणि वेळ रेसिपीत आहे तेवढंच.

तळटीप
रेसिपीत किती आहे?

निशिगंध
१८०, १५ मिनिटं. जाडी मोजली नाही, साधारण करंगळीएवढी.

गवतीचहा
ताई, एअर फ्रायरचा नाद सोडा. जाड बुडाचं पातेलं घ्या, आत तिवई ठेवा, झाकण लावून मंद आचेवर दहा मिनिटं तापवा आणि वर बिस्किटांची ताटली ठेवून द्या. खालून पांढरी राहण्याचा प्रश्नच येत नाही. मी वर्षानुवर्षं असंच करतो.

नीलमोहोर
त्यांनी एअर फ्रायरचं विचारलंय.

गवतीचहा
त्यांनी ओव्हन नको म्हटलंय. पातेलं नको असं कुठे म्हटलंय?

तळटीप
निशिगंध, १८० हे ओव्हनचं तापमान आहे. ओव्हनमध्ये बिस्किटाला चारी बाजूंनी उष्णता लागते आणि तापलेला ट्रे खालून भाजतो. टोपलीच्या फ्रायरमध्ये तापणारी कॉइल डोक्यावर असते, अगदी जवळ, आणि पंखा तिथलीच गरम हवा जोरात खाली ढकलतो. त्यामुळे पृष्ठभाग भराभर कोरडा होऊन रंग धरतो, आणि करंगळीएवढ्या जाडीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायच्या आत वरचा भाग करपलेला असतो. ओव्हनच्या रेसिपीतून १५ ते २० अंश कमी करायचे हा सर्वसाधारण नियम. एवढी जाड बिस्किटं असतील तर मी ३० कमी करीन. शिवाय पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड लाटू नका.

वाफारा
आधी तापवून घेता का? नसाल तर तिथेच घोळ आहे. गार टोपलीत ठेवलं की बटर आधी वितळतं, पीठ नंतर शिजतं, आणि बिस्किट पसरतं.

नीलमोहोर
त्यांची पसरत नाहीयेत, करपतायत. आणि एवढीशी जागा दोन-तीन मिनिटांत तापते, मी कधीच आधी तापवत नाही.

वाफारा
दोन-तीन मिनिटं पुरेशी आहेत बटर वितळायला. बटर तिशीच्या पुढे गेलं की मऊ पडून वितळायलाच लागतं. मी पसरलेली बिस्किटं खूप पाहिली आहेत, म्हणून सांगतोय.

नीलमोहोर
पीठ फ्रीजमधून काढून लगेच ठेवलं तर काही होत नाही.

तळटीप
दोन्ही करता येतं. गार पीठ आणि तापलेली टोपली. रिकामी टोपली तीन-चार मिनिटं तापवली की खालची जाळी गरम असते, आणि निशिगंधच्या 'खालून पांढरी'ला त्याचा उपयोग आहे. अर्थात जाळीवर काय अंथरता त्यावर बरंच अवलंबून आहे. काय अंथरता?

साखरफुटाणा
अंड्याशिवाय करणार असाल तर दोन चमचे दही घाला, छान खुसखुशीत होतात.

निशिगंध
अंडं नाहीच आहे. बटर पेपर अंथरते, सगळेच अंथरतात ना? पूर्ण टोपलीच्या मापाचा, कडा थोड्या वर दुमडून, म्हणजे टोपली खराब होत नाही.

तळटीप
मग खालून पांढरी का राहतात ते कळलं. खालची जाळी हवा फिरण्यासाठीच असते. पूर्ण मापाचा कागद घातला, वर कडा दुमडल्या, की हवा खालून जातच नाही. कागद बिस्किटांपुरताच कापा, चारी बाजूंनी दोन बोटं जागा मोकळी ठेवा, किंवा छिद्रं असलेला कागद घ्या. बिस्किटांमध्येही अंतर हवं.

वाफारा
आणि टोपली तापवताना नुसता कागद आत ठेवू नका. पंख्याच्या वाऱ्याने तो उडून कॉइलला चिकटतो आणि जळतो. बिस्किटांच्या वजनाखालीच कागद घालायचा.

टिपकागद
टोपली खराब होऊ नये म्हणून कागद घालत असाल तर त्याची गरज नाही. कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवायची आणि मऊ स्पंजने पुसायची. तारेची घासणी अजिबात नको, आतला थर निघतो. माझी जुनी टोपली अजून नव्यासारखी आहे.

निशिगंध
टोपली धुण्याचं नंतर बघू. करपण्याचं सांगा. मगाशी १५० वर दोन ठेवून पाहिली. कमी काळी झाली, पण वर अजूनही गडद डाग आहेत आणि मध्ये बोट दाबलं तर खड्डा पडतो.

तळटीप
बोट कधी दाबलं? बाहेर काढल्या काढल्या?

निशिगंध
हो. झाली की नाही बघायला.

तळटीप
गरम असताना बटर पातळ असतं, म्हणून बिस्किट मऊच लागणार. ते कच्चं नाही. गार होताना बटर घट्ट होतं, साखर कडक होते आणि मग खुसखुशीतपणा येतो. कडा सोनेरी दिसल्या की टोपली बाहेर काढा, पाच मिनिटं हात लावू नका, मग पातळ उलथन्याने उचलून जाळीवर ठेवा. पूर्ण गार झाल्यावर एक मोडून बघा. मधोमध ओलसर, गडद पट्टा दिसला तरच कच्चं. पट्टा नसेल आणि सगळीकडे सारखं रवाळ दिसत असेल तर झालं.

नीलमोहोर
गडद डाग म्हणजे कसे? सगळीकडे की ठिपके?

निशिगंध
ठिपके आणि ओघळ. जिथे दूध जास्त लागतं तिथे.

नीलमोहोर
कुठलं दूध?

निशिगंध
वरून ब्रशने दूध लावते ना, चकाकी यायला. आणि थोडी साखर भुरभुरवते. ओव्हनमध्ये कायम तसंच करायचे.

तळटीप
हे आधी सांगायला हवं होतं! दुधातली साखर आणि प्रथिनं तापली की भराभर तपकिरी होतात, वरची साखरही तशीच. कॉइल इतकी जवळ असताना दुधाचा ओघळ सगळ्यात आधी करपणार. दूध आणि साखर दोन्ही वगळा. चकाकी हवीच असेल तर शेवटची दोन मिनिटं राहिली की अगदी पातळ हात फिरवा.

साखरफुटाणा
रेसिपी तरी पूर्ण लिहा हो.

निशिगंध
मैदा ३०० ग्रॅम, बटर २००, पिठीसाखर १००, चिमूटभर मीठ, पाव चमचा सोडा. बस.

वाफारा
या प्रमाणाला सोडा कशाला? तीन भाग मैदा, दोन भाग बटर, एक भाग साखर यात काही फुगवायचंच नसतं. सोड्याने पीठ अल्कधर्मी होतं आणि रंग आणखी लवकर येतो. शिवाय आंबट काही नसेल तर सोड्याची चव मागे उरते.

साखरफुटाणा
म्हणूनच मी दही म्हणाले होते.

वाफारा
दही घातलं की पाणी वाढतं आणि बिस्किट खुसखुशीत होण्याऐवजी मऊ होतं. केकला दही ठीक आहे.

साखरफुटाणा
माझी मऊ होत नाहीत. ज्यांनी करून बघितलं नाही त्यांनी बोलू नये.

तळटीप
पीठ मळून झालंय, त्यामुळे सोडा आता निघणार नाही. पाव चमच्याने फार बिघडत नाही, तापमान कमी आहे तोवर. पुढच्या वेळी वगळा.

गवतीचहा
पातेल्यात दूध लावलं तरी करपत नाही, कारण वरून आच नसते. परत सांगतोय.

पाऊलवाट
इथेच विचारतो. डब्यातली सादळलेली बिस्किटं एअर फ्रायरमध्ये कडक होतात का?

नीलमोहोर
होतात. १२० वर तीन-चार मिनिटं, मग बाहेर काढून गार करा. क्रीमची मात्र ठेवू नका.

निशिगंध
करून बघितलं. रिकामी टोपली चार मिनिटं तापवली, पीठ पाच मिलिमीटर लाटलं, काट्याने टोचलं, दूध नाही, कागद कापून छोटा केला, १५० वर ११ मिनिटं. कडा सोनेरी, वर एकही डाग नाही. खालून जाळीच्या रेषा उमटल्यात आणि रंग हलका बदामी आलाय. गार झाल्यावर मोडलं तर कडकन मोडलं, आत ओलं नाही! फक्त मधली दोन बाकीच्यांपेक्षा फिकट आहेत. आणि एका वेळी सहाच मावतात, तोवर उरलेलं पीठ मऊ पडतंय. ते कसं करू?

वाफारा
सगळी एकदम कापून ताटात मांडा आणि ताटच फ्रीजमध्ये ठेवा. एक घाणा निघाला की सहा काढायची. टोपली आधीच तापलेली असते, त्यामुळे दुसऱ्या घाण्यापासून एक मिनिट कमी लावा, नाहीतर खालून जास्त होतील.

तळटीप
मधली फिकट असतील तर आठव्या मिनिटाला टोपली बाहेर काढून मधली आणि कडेची बिस्किटं अदलाबदल करा. त्याआधी हलवू नका, मोडतील. डब्यात भरताना पूर्ण गार हवीत, किंचित कोमट भरली तरी वाफ धरून सकाळपर्यंत मऊ पडतात.

निशिगंध
कळलं. ताट फ्रीजमध्ये ठेवलं. सगळ्यांचे आभार.

पाऊलवाट
याच प्रमाणात मैद्याऐवजी गव्हाचं पीठ चालेल का?

वाफारा
चालेल, पण गव्हाचं पीठ ओलावा जास्त शोषतं, मळताना चमचाभर दूध लागेल. आणि रंग मुळातच गडद असतो, त्यामुळे रंगावरून अंदाज येणार नाही. पहिल्या घाण्याला दोनच ठेवा, गार करून मोडून बघा, मग वेळ ठरवा.